फ्रेंच युद्धनौका ‘रिशल्यू’ : विकिलेख तपासून हवा आहे

सागरवेडा

नमस्कार मंडळी,

दुसऱ्या महायुद्धातल्या युद्धनौका म्हटलं की आपल्याकडे बिस्मार्क, यामातो, फार तर हूड एवढीच नावं निघतात. फ्रेंच नौकांकडे कुणी फिरकत नाही. म्हणून मराठी विकिपीडियासाठी ‘रिशल्यू’वर लेख लिहायला घेतला आहे. मजकूर सध्या माझ्या धूळपाटीवर (विकिपीडियावरच्या कच्च्या मसुद्याच्या पानावर) आहे आणि तो पुढेमागे मासिक सदराच्या, म्हणजे मुखपृष्ठावर झळकणाऱ्या निवडक लेखाच्या तोडीचा व्हावा अशी मनापासून इच्छा आहे. इथे गोदीत काम केलेले, इतिहास वाचणारे आणि व्याकरणावर बारीक नजर असलेले लोक आहेत, म्हणून आधी तुमच्यासमोर ठेवतो.

लेखाचा सांगाडा असा आहे. इटलीने १९३४ साली लित्तोरिओ वर्गाच्या दोन युद्धनौका बांधायला घेतल्या, त्याला उत्तर म्हणून फ्रान्सने ब्रेस्टमध्ये २२ ऑक्टोबर १९३५ रोजी रिशल्यूचं बांधकाम सुरू केलं. १७ जानेवारी १९३९ रोजी जलावतरण. जर्मन सैन्य जवळ येताच १८ जून १९४० रोजी ती कॅप्टन पॉल मार्झां यांच्या हाताखाली अपुऱ्या अवस्थेतच ब्रेस्टमधून निघाली आणि २३ जूनला पश्चिम आफ्रिकेतल्या डाकारला पोचली. ८ जुलैला तिच्यावर पाणतीर (टॉर्पेडो) बसला. सप्टेंबरमध्ये डाकारची लढाई. नोव्हेंबर १९४२ मध्ये मित्रराष्ट्रं उत्तर आफ्रिकेत उतरल्यावर फ्रेंच पश्चिम आफ्रिका त्यांच्या बाजूला आली. फेब्रुवारी १९४३ मध्ये रिशल्यू न्यूयॉर्कला पोचली, तिथे मोठी दुरुस्ती झाली. मग उत्तरेत ब्रिटिशांच्या होम फ्लीट या ताफ्यात, आणि एप्रिल १९४४ पासून श्रीलंकेतल्या त्रिंकोमालीला त्यांच्याच ईस्टर्न फ्लीटमध्ये. युद्ध संपल्यावर इंडोचायना, नंतर दक्षिण फ्रान्सचं तुलाँ बंदर, आणि १९६८ साली भंगारात विक्री.

माहितीचौकटीत लांबी २४७.८५ मीटर, वेग ३२ नॉट, पुढच्या भागात दोन बुरुजांत (तोफांच्या फिरत्या चिलखती घरांत) मिळून ३८० मिमीच्या ८ तोफा, मागच्या बाजूला तीन बुरुजांत १५२ मिमीच्या ९ तोफा, आणि १०० मिमीच्या १२ विमानविरोधी तोफा असं भरलं आहे. विस्थापन, म्हणजे जहाजाचं वजन, ३५,००० टन लिहिलंय.

मला सगळ्यात जास्त शंका डाकारच्या भागाबद्दल आहे. वाचून बघा आणि मोकळेपणाने सांगा.

जुनी गोदी

लेख वाचला. मेहनत दिसते आहे. मी बांधकामाच्या परिच्छेदापुरतं बोलतो.

‘जलावतरण’ या शब्दानं वाचकाच्या डोळ्यांसमोर घसरणीवरून पाण्यात सरकणारं जहाज येईल. रिशल्यूचं तसं झालंच नाही. ती ब्रेस्टच्या सालू गोदीत, म्हणजे सुक्या गोदीत बांधली. आणि खरी गंमत ही की गोदी जहाजापेक्षा आखूड होती. जहाज जवळजवळ २४८ मीटर, गोदी साधारण २०० मीटर. म्हणून पुढचा ४३ मीटरचा भाग आणि मागचा ८ मीटरचा तुकडा सोडून मधलंच धड तिथे बांधलं. १७ जानेवारी १९३९ ला गोदीत पाणी सोडून ते धड तरंगवलं आणि लानिनाँच्या मोठ्या गोदीत नेलं. नाळेचा, म्हणजे पुढच्या टोकाचा, आणि मागचा भाग तिथे जोडला. आज माझगाव डॉकमध्ये विनाशिका बांधताना ब्लॉक वेगवेगळे तयार करून मग जोडतात, ते आपल्याला सवयीचं झालंय. पण त्या काळात युद्धनौकेएवढ्या जहाजाची नाळ दुसऱ्या गोदीत बांधून नेमकी जुळवायची, हे मोठं धाडस आणि मोठी कारागिरी आहे. तुमच्या मजकुरात या गोष्टीला अर्धं वाक्य आहे. एक पूर्ण परिच्छेद द्या.

दुसरं, विस्थापन. ३५,००० टन ही युद्धनौकांच्या आकारावर बंधन घालणाऱ्या वॉशिंग्टन कराराची मर्यादा. कराराच्या कागदावर जे असतं ते पाण्यावर नसतं. पूर्ण झाली तेव्हा तिचं प्रमाण विस्थापन ३७,२५० टनांच्या आसपास होतं, पूर्ण भरलेली असताना जवळजवळ ४४,००० टन, आणि न्यूयॉर्कच्या कामानंतर ४७ हजारांच्या पुढे. चौकटीत एकच आकडा टाकू नका. कोणत्या वर्षीचा, रिकामी की भरलेली, हे प्रत्येक आकड्यापुढे लिहा. जहाजांच्या लेखांत निम्मे वाद यामुळेच होतात.

बॉयलर फक्त सहा आणि ताकद दीड लाख अश्वशक्तीची, हे वाक्य चांगलं आलंय. ते हलवू नका. कमी जागेत बसणारे बॉयलर असल्यामुळे चिलखत घालायची लांबी कमी झाली, आणि वाचलेलं वजन जाडीत घालता आलं. कमरेचं चिलखत सुमारे ३३० मिमी आणि तेही आत कललेलं. सगळ्या मोठ्या तोफा पुढे ठेवण्याचं कारणही हेच. हा धागा एका ठिकाणी आणलात तर जहाज असं का दिसतं ते वाचकाला उमगेल.

अनघा प

डाकारबद्दल विचारलंय म्हणून सविस्तर लिहिते. मला हा लेख खूप महत्त्वाचा वाटतो आणि नेमका त्याचा कणाच डाकारच्या भागात मोडतो आहे.

तुमच्या मजकुरातली ही तीन वाक्यं बघा :

‘८ जुलै रोजी रिशल्यूवर हल्ला करण्यात आला. यात तिचे मोठे नुकसान झाले. सप्टेंबरमध्ये पुन्हा लढाई होऊन नौकेच्या तोफांना हानी पोचली.’

कुणी हल्ला केला? कुणाशी लढाई? कशामुळे हानी? तीन वाक्यांत एकही कर्ता नाही. प्रस्तावनेत तर ‘मित्रराष्ट्रांच्या बाजूने लढलेली फ्रेंच युद्धनौका’ असं लिहिलंय. शाळेतला मुलगा हे वाचून ‘जर्मनांनी डाकारवर हल्ला केला’ असंच समजेल. चूक त्याची नसेल.

हल्ला ब्रिटिशांनी केला होता. चौदा-पंधरा दिवसांपूर्वीपर्यंत जे मित्र होते त्यांनी. ७ जुलैच्या रात्री ब्रिटिशांची एक छोटी मोटारबोट बंदरात शिरली आणि रिशल्यूच्या मागच्या भागाखाली पाणबुडीविरोधी सुरुंग टाकून आली. पाणी उथळ होतं, ते फुटले नाहीत. पहाटे ‘हर्मीस’वरून सहा स्वोर्डफिश विमानं आली. एक पाणतीर उजव्या बाजूला, मागे, पंख्यांजवळ लागला. आत पाणी भरून जहाजाचा मागचा भाग तळाला टेकला. मग २३ ते २५ सप्टेंबरला ब्रिटिश ताफा पुन्हा आला. बारहम आणि रेझोल्यूशन या युद्धनौका, आर्क रॉयल ही विमानवाहू, आणि सोबत जर्मनीला शरण न गेलेल्या द गॉल यांच्या ‘स्वतंत्र फ्रान्स’चे सैनिक. म्हणजे फ्रेंच नौकेसमोर फ्रेंच माणसंही होती. डाकार पडलं नाही. बेव्हेझिए या फ्रेंच पाणबुडीने रेझोल्यूशनवर पाणतीर मारला आणि ब्रिटिश परतले.

हे सगळं सरळ कर्तरी वाक्यांत लिहा. ‘ब्रिटिश विमानांनी पाणतीर मारला.’ ‘रिशल्यूने ब्रिटिश नौकांवर गोळे डागले.’ साडेतीन वर्षांनी हीच नौका त्याच ब्रिटिशांच्या ताफ्यात हिंदी महासागरात फिरत होती. ही उलथापालथ कळली नाही तर रिशल्यूवर लेख लिहून हाती काय लागलं?

तटस्थ

अनघाताई, मुद्दा पटला, पण एक भीती आहे. कर्ते घालायला लागलो की लेख राजकारणाचा होतो. विशी (शस्त्रसंधीनंतर विशी गावातून चालणारं पेताँ यांचं फ्रेंच सरकार), द गॉल, पेताँ, दार्लां सगळेच आत येतात. जहाजाच्या लेखात ‘विशी फ्रान्सच्या ताब्यातली नौका’ एवढं लिहून पुढे जावं असं मला वाटतं. बाकीचं वाचणारा दुव्यावर टिचकी मारून वाचेल.

अनघा प

तटस्थ, ते दुवे आपल्याकडे लाल आहेत, म्हणजे ते लेख अजून लिहिलेलेच नाहीत. टिचकी मारून वाचक कोऱ्या पानावर जाईल. जे समजल्याशिवाय जहाजाची गोष्ट समजत नाही, ते इथेच चार वाक्यांत द्यावं लागेल.

आणि ‘विशी फ्रान्सची नौका’ हे सरसकट लिहिणंही बरोबर नाही. तारखा लावून बघा. १८ जूनला रिशल्यू ब्रेस्टमधून निघाली. त्याच दिवशी द गॉल लंडनहून बोलले. २२ जूनला शस्त्रसंधीवर सह्या झाल्या. जहाज २३ ला डाकारला पोचलं, २५ ला कासाब्लांकाकडे निघालं, परत फिरून २८ ला डाकारला आलं. ३ जुलैला ब्रिटिशांनी अल्जीरियातल्या मेर्स-एल-केबिर बंदरात फ्रेंच ताफ्यावर गोळे डागले आणि १,२९७ फ्रेंच माणसं मेली. ८ जुलैला डाकार. पेताँ यांच्या हाती पूर्ण सत्ता देणारा ठराव विशीमध्ये झाला १० जुलैला. म्हणजे पाणतीर लागला त्या दिवशी जिला आपण ‘विशी राजवट’ म्हणतो ती अजून पुरती उभीही नव्हती. म्हणून ८ जुलैच्या वाक्यात नुसतं ‘फ्रेंच नौदल’, सप्टेंबरच्या परिच्छेदात ‘विशी सरकार’, आणि १९४३ पासून पुन्हा वेगळं.

कारणही दोन्ही बाजूंचं द्या. ब्रिटिशांना भीती होती की शस्त्रसंधीनंतर फ्रेंच जहाजं जर्मनांच्या हाती पडतील, आणि रिशल्यूसारखी नवी, वेगवान युद्धनौका जर्मनांकडे गेली असती तर ब्रिटनचं मरणच होतं. फ्रेंच नौदलप्रमुख दार्लां यांनी जहाजं कुणाच्याही हाती लागू देणार नाही असा शब्द दिला होता. २७ नोव्हेंबर १९४२ ला जर्मन तुलाँमध्ये शिरले तेव्हा फ्रेंच खलाशांनी ताफा स्वतः बुडवला, हेही त्याच परिच्छेदात हवं. निकाल आपण लावायचा नाही. दोन्ही गोष्टी शेजारी ठेवायच्या.

तटस्थ

१० जुलैची तारीख माझ्या लक्षात आली नव्हती. मान्य. मग ‘पार्श्वभूमी’ असा वेगळा विभाग करू नका, डाकारच्या मजकुरातच गुंफा. वेगळा विभाग केला की तो फुगत जातो.

तोफखाना

‘नौकेच्या तोफांना हानी पोचली’ या वाक्यावर येतो. इथे बऱ्याच ठिकाणी एक गोष्ट वाचायला मिळते आणि धूळपाटीवरही तीच आहे : डाकारला दारूगोळा कमी होता, दुसऱ्या जहाजासाठीची दारू वापरली आणि म्हणून तोफ फुटली. दारू कमी होती हे खरं. डाकारला स्ट्रासबूर्ग या दुसऱ्या फ्रेंच युद्धनौकेसाठी साठवलेली दारू होती, तिच्यापासून नवे भार बांधले हेही खरं. २४ सप्टेंबरला दुसऱ्या बुरुजातली तोफ पहिल्याच फैरीला फुटली. साहजिकच पहिला संशय दारूवर गेला. पण नंतरच्या चौकशीत दोष गोळ्याच्या बुडाच्या रचनेत निघाला. बूड कमकुवत असल्यामुळे गोळा नळीतच फुटला. म्हणून आधी काय वाटलं आणि मग काय आढळलं, अशा क्रमाने लिहा. ‘चुकीची दारू’ ही दंतकथा मराठीत तरी पसरायला नको.

बुरुजांबद्दल एक वाक्य वाढवा. चार तोफांचा बुरूज म्हणजे एका फटक्यात निम्म्या तोफा जाण्याचा धोका. फ्रेंचांनी तो ओळखून बुरुजाच्या मधोमध चिलखती भिंत घातली होती, आणि दोन बुरुजांत भरपूर अंतर ठेवलं होतं.

निकामी झालेल्या नळ्यांचं पुढे काय झालं तेही सांगण्यासारखं आहे. भगिनी नौका जाँ बार अर्धवट बांधलेली असताना सँ-नाझेरहून निसटून कासाब्लांकाला गेली होती. तिला एकच मोठा बुरूज बसवलेला होता. नोव्हेंबर १९४२ मध्ये ती ‘मॅसॅच्युसेट्स’ या अमेरिकन युद्धनौकेशी लढली. मग त्याच अमेरिकेत, न्यूयॉर्कच्या नौदल गोदीत, जाँ बारच्या नळ्या आणून रिशल्यूला बसवल्या. ब्रिटिशांच्या १५ इंची तोफा ३८१ मिमीच्या, फ्रेंचांच्या ३८० च्या. आकडे शेजारचे असले तरी ब्रिटिश गोळे चालले नसते. अमेरिकेला या एका जहाजासाठी गोळे नव्याने बनवावे लागले.

फैरीतले गोळे फार पांगतात ही तक्रार मात्र युद्धभर राहिली. शेजारच्या दोन तोफा एकदम सुटल्या की गोळे हवेत एकमेकांना ढकलत. १९४८ मध्ये तोफांमध्ये ६० मिलिसेकंदांचा उशीर घालणारी योजना बसवली तेव्हा ते सुधारलं. हे ‘युद्धोत्तर’ विभागात जाईल.

कोकणकडा

एक प्रश्न. लेखात ‘हर्मीस’ला विराटच्या लेखाचा दुवा दिलाय. आपली विराट म्हणजे आधीची हर्मीस, हे माहीत आहे. मुंबईत ती किती वेळा पाहिली आहे. तीच का ही?

जुनी गोदी

नाही, आणि हा दुवा आजच्या आज काढा. ब्रिटिश नौदलात हर्मीस नावाच्या अनेक नौका होऊन गेल्या. डाकारवर विमानं पाठवणारी हर्मीस १९२४ साली सेवेत आली होती, आणि ९ एप्रिल १९४२ रोजी जपानी विमानांनी ती श्रीलंकेत बट्टिकलोआजवळ बुडवली. आपली विराट झालेली हर्मीस १९५९ साली ब्रिटिश नौदलात दाखल झाली, १९८७ मध्ये आपल्याकडे आली आणि ६ मार्च २०१७ ला मुंबईत निवृत्त झाली. मराठी वाचकाच्या मनात ही गल्लत होणारच, म्हणून त्या वाक्यात ‘१९४२ मध्ये बुडालेली’ एवढे दोन शब्द घाला.

नकाशे

आत्तापर्यंत कुणी हिंदी महासागराच्या भागाबद्दल बोललं नाही, म्हणून मी बोलतो. मूळ मजकुरात ‘१९४४-४५ मध्ये तिने हिंदी महासागरात अनेक मोहिमांत भाग घेतला’ एवढं एक वाक्य आहे. न्यूयॉर्कवर तीन परिच्छेद आणि आपल्या दारातल्या समुद्रावर एक वाक्य! मराठी विश्वकोशात्मक लेखात हे प्रमाण उलटं नको, पण निदान बरोबरीचं तरी हवं.

क्रम असा आहे. १० एप्रिल १९४४ ला त्रिंकोमालीला आगमन. १९ एप्रिलला सुमात्राच्या टोकावरच्या साबांगवर विमानहल्ला, ‘इलस्ट्रियस’ आणि अमेरिकन ‘सॅराटोगा’ या विमानवाहू नौकांना रिशल्यूची सोबत. १७ मे रोजी जावातलं सुराबाया. २१ जूनला इलस्ट्रियसच्या विमानांनी पोर्ट ब्लेअरवर हल्ला केला तेव्हा ब्रिटिश नौका रिनाउन आणि रिशल्यू संरक्षणाला होत्या. २५ जुलैला साबांगवर प्रत्यक्ष तोफांचा भडिमार, त्यात रिशल्यूच्या तोफाही होत्या. मग ती काही महिने फ्रान्सकडे आणि दुरुस्तीसाठी गेली. मार्च १९४५ मध्ये परत त्रिंकोमालीला. एप्रिलअखेर कार निकोबार आणि पोर्ट ब्लेअरवर ब्रिटिश युद्धनौका क्वीन एलिझाबेथ आणि रिशल्यू या दोघींनी तोफा डागल्या. रंगूनच्या किनाऱ्यावर सैन्य उतरत होतं, त्याला संरक्षण मिळावं म्हणून ही मोहीम होती. मे महिन्यात जपानी क्रूझर हागुरोचा पाठलाग, जिला शेवटी ब्रिटिश विनाशिकांनी पेनांगजवळ बुडवलं. आणि सप्टेंबर १९४५ मध्ये, जपान शरण आल्यावर, मलाक्काच्या सामुद्रधुनीत तिच्याजवळ सुरुंग फुटला. मोठी हानी झाली नाही.

पोर्ट ब्लेअरबद्दल आपल्या वाचकाला जास्त सांगायला हवं. मार्च १९४२ पासून अंदमान जपानी ताब्यात होतं. ३० डिसेंबर १९४३ रोजी नेताजींनी तिथे तिरंगा फडकवला. त्यानंतर सहा महिन्यांच्या आत या ताफ्याची विमानं पोर्ट ब्लेअरवर आली. मराठी माणसाला पोर्ट ब्लेअर म्हटलं की सेल्युलर जेल आणि सावरकर आठवतात. त्याच गावावरच्या या हल्ल्यांत एक फ्रेंच युद्धनौका होती हे फार थोड्यांना माहीत असेल.

अनघा प

नकाशे, हे उत्तम. फक्त अंदमानच्या राजवटीवर दोन वाक्यांपेक्षा जास्त नको. जपानी काळात स्थानिकांचे जे हाल झाले तो स्वतंत्र आणि मोठा विषय आहे. जहाजाच्या लेखात तो ओझरता आला तर त्या माणसांवर अन्याय होतो. ‘अंदमान १९४२ पासून जपानी ताब्यात होते’ हे एक, आणि नेताजींच्या भेटीचं एक. तिथून दुवा द्या.

आणि सागरवेडा, शेवटचा परिच्छेद बघा : ‘इटालियन नौकांना उत्तर म्हणून जन्मलेल्या रिशल्यूचा अंत इटलीतच व्हावा, हा काळाचा महिमा.’ बांधकामात लित्तोरिओ आहे, शेवटी ला स्पेत्सियाच्या भंगारगोदीचं नाव आहे. वाचक जोडून घेईल. ‘काळाचा महिमा’ काढा.

जुनी गोदी

न्यूयॉर्कचे परिच्छेद तीनवरून दोनवर आणा, पण हे ठेवा : विमानं उडवायची सोय काढून टाकली आणि तिथे तोफा बसवल्या. ४० मिमीच्या बोफर्सच्या चौदा चौकड्या, म्हणजे ५६ नळ्या. शिवाय २० मिमीच्या सुमारे पन्नास. १९४० साली सहा जुनाट विमानांनी जिला जायबंदी केलं, ती १९४४ साली जपानी विमानांच्या टप्प्यात जाऊ शकली ती या तोफांच्या जोरावर. हे कारण लिहिलंत तर आकडे नुसते आकडे राहणार नाहीत.

कोकणकडा

जहाजाचं काही शिल्लक आहे का कुठे?

तोफखाना

हो, ३८० मिमीची एक तोफ ब्रेस्टमध्ये ठेवली आहे, जिथे जहाज बांधलं त्याच शहरात. लेखात तिचं छायाचित्र मिळालं तर घ्यावं, शेजारी माणूस उभा असलेलं. नळीचा आकार त्याशिवाय कळत नाही.

सागरवेडा

सगळ्यांचे मनापासून आभार. इतक्या बारकाईने कुणी वाचेल अशी अपेक्षा नव्हती.

धूळपाटीवर आत्ता हे बदल केलेत. हर्मीसचा दुवा काढून ‘१९४२ मध्ये बुडालेली’ घातलं. विस्थापनाचे तीन आकडे वर्षासकट. गोदीचा परिच्छेद नवा लिहिला. जुनी गोदी काका, तो एकदा नजरेखालून घाला. डाकारची सुरुवात आता अशी आहे :

‘८ जुलै १९४० रोजी पहाटे ब्रिटिश विमानवाहू नौका हर्मीसवरच्या सहा विमानांनी डाकार बंदरात उभ्या असलेल्या रिशल्यूवर हल्ला केला. तीन आठवड्यांपूर्वी ब्रिटन आणि फ्रान्स एकाच बाजूने लढत होते. फ्रान्सने जर्मनीशी शस्त्रसंधी केल्यावर ही नवी युद्धनौका जर्मनांच्या हाती पडेल अशी ब्रिटिश सरकारला भीती होती. जहाजे कोणाच्याही हाती लागू देणार नाही, असे फ्रेंच नौदलप्रमुख दार्लां यांनी कळवले होते. ब्रिटिशांनी त्यावर विसंबून राहायचे नाही असे ठरवले.’

प्रस्तावनेतलं ‘मित्रराष्ट्रांच्या बाजूने लढलेली’ काढून ‘१९४० मध्ये ब्रिटिशांविरुद्ध आणि १९४३ पासून त्यांच्या बाजूने’ असं केलंय.

अनघा प

आता बरोबर झालं. ‘विसंबून राहायचे नाही असे ठरवले’ या वाक्याला संदर्भ जोडल्याशिवाय पान मुख्य नामविश्वात (प्रकाशित लेखांत) हलवू नका, तिथे ‘संदर्भ हवा’चा साचा लागायला वेळ लागणार नाही. आणि ३ जुलैचं मेर्स-एल-केबिर ८ जुलैच्या आधी यायला हवं. ते वाक्य तुमच्या मजकुरात अजून दोन परिच्छेद खाली आहे.

सागरवेडा

ते वर घेतो. नकाशे, त्रिंकोमालीपासून पोर्ट ब्लेअर आणि साबांगपर्यंतचा एक साधा नकाशा करून द्याल का? मराठी नावांसकट. बाकी मोहिमांचा परिच्छेद मी आज रात्री लिहितो आणि तोफेच्या चौकशीचा भाग तोफखाना यांच्या क्रमाने मांडून चर्चा पानावर टाकतो.

नकाशे

करतो. कार निकोबार आणि पेनांगही दाखवतो, हागुरोसाठी लागेल.